जुन्या मोटारीचे ब्रेक-कॅलिपर : दुरुस्ती कशी होते व ती कशी पारखावी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा विषयाचे बंधन घातले नाही. म्हणून धान्याचे भाव व गुदामभाडे बाजूस ठेवून आम्ही एका निराळ्या विषयावर लिहीत आहोत. आपल्या सभासदांपैकी बऱ्याच कुटुंबांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळची एखादी मोटार जपून ठेवलेली आहे. वर्षातून दोनचार वेळा ती बाहेर निघते, लग्नात नवरदेवास मिरविते, दसऱ्यास हार घालून पूजिली जाते, आणि अलीकडे जुन्या मोटारींच्या मेळाव्यांसही जाऊ लागली आहे. अशा गाडीचा रंग, आसने व बाहेरील चकचकीत साज यांवर सढळ हाताने खर्च होतो. ब्रेकच्या बाबतीत मात्र "लागतो आहे ना?" एवढ्या एका प्रश्नावर भागविले जाते.

आमच्या कुटुंबात १९७२ सालची मर्सिडीज २२० डिझेल आहे. तिचे पुढील कॅलिपर दोन निरनिराळ्या ठिकाणी दुरुस्त झाले. पहिल्या दुरुस्तीने घरच्या सहा माणसांस संकटात टाकले, दुसरीने गाडी पुन्हा विश्वासाची केली. दोहोंतील फरक बाहेरून पाहणाऱ्यास मुळीच दिसला नसता. तो फरक कोठे असतो हे सभासद बंधूंस व त्यांच्या घरच्या तरुण मंडळींस कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कॅलिपर म्हणजे काय

मोटारीस दोन प्रकारचे ब्रेक असतात. पहिला ड्रमचा. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याच्या आतून दोन अर्धगोल पट्टे बाहेर फाकतात व डब्यास घासून त्यास थांबवितात. ॲम्बॅसॅडर व फियाट यांच्या जुन्या नमुन्यांत चारही चाकांना हीच योजना होती. दुसरा प्रकार डिस्कचा. येथे चाकाबरोबर एक जाड चकती फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे दाबून धरले जाते. हा चिमटा म्हणजेच कॅलिपर.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु तिला मान मिळण्यास पन्नास वर्षे लागली. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार कंपनीच्या गाडीने डनलॉप बनावटीच्या डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हा मोटार-जगताचे लक्ष तिकडे गेले. १९५५ मध्ये फ्रेंच सिट्रोएन डी. एस. या गाडीस पुढील चाकांना डिस्क ब्रेक आले, आणि साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातील बऱ्याच चांगल्या गाड्यांत ते रूढ झाले. आमच्या गाडीच्या नमुन्यास १९६८ पासून चारही चाकांना डिस्क आहेत.

पायाने दिलेला दाब चाकापर्यंत पोहोचतो तो द्रवाच्या द्वारे. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम आम्ही मॅट्रिकला पाठ केला होता. त्याचा व्यवहारातील उपयोग येथे दिसतो. समजा, पायाने २० किलो जोर दिला. पेडलच्या दांड्याने तो चौपट, म्हणजे ८० किलो झाला. मुख्य सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला २० किलो दाब तयार होतो. कॅलिपरमधील दट्ट्या, ज्यास कारागीर पिस्टन म्हणतात, तो २५ चौरस सेंटिमीटरचा असेल, तर तो ५०० किलोच्या जोराने ब्रेक-पॅडला चकतीवर ढकलतो. समोरच्या बाजूचा दट्ट्याही तेच करतो. पाच पोती गव्हाचे वजन एकेका बाजूने चकतीवर टेकले असे समजावे. बहुतेक मोठ्या गाड्यांत याखेरीज इंजिनाच्या साह्याने पायाचा जोर वाढविणारी योजना असते. ती या हिशेबात धरलेली नाही.

आता ब्रेकवरचा पाय काढल्यावर दट्ट्या मागे कसा सरतो? तेथे स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवती, कॅलिपरच्या भिंतीत कोरलेल्या खाचेत, चौकोनी काटछेदाचे एक रबरी कडे बसविलेले असते. त्यास सील म्हणतात. दट्ट्या पुढे जाताना हे कडे त्यास चिकटून किंचित पिळले जाते. दाब गेला की ते मूळ आकारात येते आणि दट्ट्यास केसभर मागे ओढते. तेवढेच अंतर पॅडला चकतीपासून सुटे करण्यास पुरते. पॅड झिजला तर दट्ट्या कड्यातून तेवढा पुढे घसरतो आणि तेथून पुढे पुन्हा केसभर मागेपुढे होत राहतो. म्हणजे द्रव आत कोंडून ठेवणे, दट्ट्या मागे घेणे आणि झिजेप्रमाणे अंतर जुळविणे, ही तिन्ही कामे त्या एका कड्याच्या अंगावर आहेत. कडे ज्या खाचेत बसते ती खाच व ज्या दट्ट्यावर ते घासते त्याचा पृष्ठभाग, ही दोन स्थळे चांगली असतील तर कॅलिपर चांगला. ही दोन्ही स्थळे कॅलिपर उघडल्याशिवाय दृष्टीस पडत नाहीत.

बिघाड कोठून येतो

बाजारात ज्यास आपण ब्रेक-ऑइल म्हणतो, ते वास्तविक तेल नाही. ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनविलेला तो द्रव आहे. या नावाने पुष्कळ घोटाळे झाले आहेत. एखादा अननुभवी माणूस टाकीत इंजिनचे तेल ओततो किंवा सील बसविताना साधे ग्रीस लावतो. मग रबर फुगते, मऊ पडते आणि संपूर्ण यंत्रणा निकामी होते. सिट्रोएनच्या काही जुन्या गाड्यांना खनिज तेलच लागते. तेथे ग्लायकॉलचा द्रव तितकाच घातक. यास्तव आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कोणता द्रव सांगितला आहे, ते वाचल्याविना डब्याचे झाकण उघडू नये.

ग्लायकॉलच्या द्रवाचा दुसरा स्वभाव म्हणजे तो हवेतील ओल शोषून घेतो. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होते, हे घरातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बेळगावचा पाऊस व गोव्याची खारी हवा या दोहोंत हे काम अधिकच वेगाने होते. ओलीचे परिणाम दोन. एक, लोखंडास आतून गंज चढतो. दोन, द्रव लवकर उकळू लागतो. डॉट ४ या प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते.

उकळण्याचा प्रश्न घाटात येतो. ब्रेक गाडीची गती नाहीशी करीत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर करतो. सुमारे १५०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर निघणाऱ्या उष्णतेने अर्ध्या लिटरहून थोड्या अधिक पाण्यास उकळी फुटेल. तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरविली, तर बावीस लिटरांच्या आसपास पाणी उकळेल एवढी उष्णता त्या चार चकत्यांत शिरते. म्हणूनच जुने चालक घाट उतरताना खालचा गिअर टाकीत व उतरणीचा बराच भार इंजिनावर सोपवीत. निरोगी ब्रेकला पायाच्या दोन दाबांमध्ये वाऱ्याने थंड होण्यास अवसर मिळतो. ज्याचा दट्ट्या अडकून राहतो, त्या ब्रेकला तो अवसर नाही. त्या चाकाचा पॅड पाय काढल्यावरही घासतच असतो.

आणि जुन्या गाडीचा दट्ट्या अडकतो तो बहुधा गाडी उभी राहिल्यामुळे. चाकांवर धावणाऱ्या गाडीत दट्ट्या रोज हलतो. महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या गाडीत तो एकाच जागी राहतो, धुळीपासून राखणारे बाहेरचे रबरी टोपण फाटते, ओल आत जाते, आणि दट्ट्यावरील क्रोमचा मुलामा फोड येऊन सुटू लागतो. शोभेसाठी ठेवलेली गाडी कमी धावते म्हणून तिचे ब्रेक चांगले असतील, हा समज अगदी उलटा आहे.

दोन दुरुस्त्या

आमच्या गाडीच्या पुढील चाकांत ब्रेक चिकटू लागला, तेव्हा गावातील एका गॅरेजात काम दिले. त्यांनी दोन दिवसांत कॅलिपर परत बसवून दिले. वरून तांबडा रंग मारलेला, आत नवे सील घातल्याची पावती. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर आमचे पुतणे घरच्या मंडळींसह लग्नास पणजीकडे निघाले. चोर्ला घाट उतरताना गाडी ब्रेक लावताच डावीकडे ओढू लागली. थोड्या वेळाने डाव्या चाकातून जळका वास आला, आणि पुढच्याच वळणावर पेडल जवळजवळ तळाशी गेले. डाव्या कॅलिपरमधील द्रव उकळून त्याची वाफ झाली होती. वाफ दाबली जाते, तिच्यातून जोर पुढे जात नाही. या गाडीत पुढील व मागील चाकांच्या नळ्या स्वतंत्र आहेत, म्हणून मागील ब्रेकने काही प्रमाणात साथ दिली. पुतण्यांनी गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला व गाडी डोंगराकडील चरीत घातली. गाडीत दोन मुले होती. कोणास इजा झाली नाही.

नंतर ते कॅलिपर पुण्यास जुन्या गाड्यांच्या ब्रेकचेच काम करणाऱ्या एका कारखान्यात पाठविले. तेथे आम्ही स्वतः हजर राहून ते उघडताना पाहिले. सील खरोखरच नवे होते. परंतु ते जुन्याच दट्ट्यांवर चढविलेले होते. सील जेथे घासते नेमक्या त्या पट्ट्यात क्रोम सुटून गंजाचे खड्डे पडले होते. खाचेच्या तळाशी गंजाचा थर तसाच होता. त्याने खाच उथळ झाली, कडे दट्ट्यावर आवळले गेले व दट्ट्यास मागे घेण्याऐवजी धरून बसले. चाकाकडे जाणारी रबरी नळीही मूळचीच होती. बाहेरून धड दिसणारी ती नळी आतून फुगून इतकी अरुंद झाली होती की पायाच्या जोराने द्रव पुढे जाई, पण परत येण्यास वाट राहत नसे.

आपल्या धंद्यात पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणा ठेवून तळाशी खडे-माती भरणारे भेटतात. त्यासाठीच आपण पोत्याच्या पोटात परखी घालतो. तांबडा रंग हे पोत्याचे तोंड होते.

चांगल्या कारखान्यात काम कसे चालते

प्रथम दट्ट्या बाहेर काढावा लागतो. तो घट्ट बसलेला असतो. कॅलिपर गाडीवर असतानाच पेडलच्या दाबाने तो सैल करणे उत्तम. अन्यथा मधे लाकडी ठोकळा ठेवून थोडथोड्या दाबाच्या हवेने ढकलतात. हे काम घरी करू नये. हवेच्या दाबाने सुटलेला दट्ट्या गोळीसारखा येतो व मधे बोट सापडले तर ते वाचत नाही.

त्यानंतर कॅलिपर पूर्ण सुटा करून धुतला जातो व बारीक काचमण्यांच्या फवाऱ्याने त्याचा गंज उतरविला जातो. काही कॅलिपर दोन अर्ध्यांचे, मधे बोल्ट घालून जोडलेले असतात. ते अर्धे कधी वेगळे करू नयेत, अशी कित्येक उत्पादकांची सामान्य गॅरेजांस सूचना असते, कारण दोहोंमधून द्रवाची वाट जाते व तेथे लहान रबरी कडे असते. ज्यांच्यापाशी ते कडे, योग्य प्रतीचे बोल्ट व ठराविक जोराने आवळण्याचा पाना आहे, त्यांनीच हे धाडस करावे.

खाच स्वच्छ करणे हे खरे कसबाचे काम. कारागीर वाकड्या टोकाच्या सळीने गंज खरवडतो, पण खाचेची कड गोल होऊ देत नाही, तिची रुंदी वाढू देत नाही. कड बिघडली तर कड्याची पिळणी बिघडते. साफ झालेल्या बाह्यांगावर जस्ताचा पिवळसर मुलामा देतात. रंगापेक्षा तो चांगला, कारण मापे फारशी बदलत नाहीत व गंज थांबतो.

येथे सभासदांनी एक भेद ध्यानात ठेवावा. आमच्या गाडीसारख्या रचनेत सील कॅलिपरच्या खाचेत असते व दट्ट्यावर घासते. अर्थात दट्ट्याचा पृष्ठभाग निर्दोष हवा, भिंतीवर थोडे डाग राहिले तरी चालते. जग्वारच्या १९५०-६० मधील गाड्यांत आढळणाऱ्या डनलॉप रचनेत सील दट्ट्यावर बसलेले असते व सिलिंडरच्या भिंतीवर घासते. तेथे भिंतच निर्दोष हवी. ती खड्डे पडून गेली असेल तर लेथवर मोठी करून आत स्टेनलेस पोलादाची किंवा पितळेची नळी बसवितात व मूळ मापावर आणतात. ड्रम ब्रेकच्या लहान सिलिंडरांसही हाच उपाय चालतो, म्हणून ॲम्बॅसॅडर-फियाटवाल्यांनाही ही माहिती उपयोगी आहे.

जुने दट्ट्ये पुन्हा वापरू नयेत. नवे क्रोम केलेले मिळतात, अथवा स्टेनलेसचे मिळतात. कमी धावणाऱ्या गाडीस स्टेनलेसचे आम्ही पसंत केले, कारण त्यावरून सुटून जाईल असा मुलामाच नसतो. जोडणी करताना सीलला स्वच्छ ब्रेकद्रव किंवा त्याच कामाचे खास ग्रीस लावतात. काही दट्ट्यांच्या तोंडावर एका बाजूस खाच असते. ती उत्पादकाने सांगितलेल्या दिशेलाच ठेवावी लागते, नाहीतर ब्रेक किंचाळतो.

शेवटी परीक्षा. कॅलिपर गाडीवर चढण्यापूर्वी त्यात दाब भरून तो काही काळ टिकतो की नाही हे पाहतात. ही परीक्षा कमी दाबावर आणि जास्त दाबावर अशी दोनदा व्हावी. जास्त दाबात सील भिंतीस घट्ट चिकटते व बारीक गळती झाकली जाते. ती कमी दाबातच उघड होते.

काम देण्यापूर्वी काय विचारावे

कारखान्याची पाटी अगर भिंतीवरील छायाचित्रे पाहून काम देऊ नये. पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे कागदावर घ्यावीत.

१. दट्ट्ये नवे घालणार काय, व कोणत्या धातूचे?
२. आमचेच कॅलिपर परत मिळतील, की बदली म्हणून दुसऱ्या गाडीचे?
३. खाच उघडी झाल्यावर आम्हास पाहावयास मिळेल काय? दूर असल्यास छायाचित्र पाठवाल काय?
४. कमी व जास्त अशा दोन्ही दाबांची परीक्षा होते काय?
५. गळती झाल्यास किती काळ विनामूल्य दुरुस्त करून द्याल?

ज्यास काम येते त्यास हे प्रश्न आवडतात. तो उठून सुटा केलेला एखादा कॅलिपर दाखवू लागतो. जो "शेठजी, तुम्ही काळजी करू नका" एवढेच म्हणतो, त्यास नमस्कार करून दुसरीकडे जावे.

कॅलिपर पाठविताना एका आसावरील डावा व उजवा अशी जोडी पाठवावी आणि प्रत्येकास पत्र्याची चिठ्ठी बांधावी. डावा-उजवा अदलाबदल झाला तरी पुष्कळदा तो बसतो, परंतु हवा काढण्याची तोटी वर राहण्याऐवजी खाली जाते. हवा तर वरच साचते. मग कितीही ब्रेकद्रव ओतला तरी पेडल मऊच राहते, आणि नव्या कॅलिपरला दोष दिला जातो.

बसविल्यानंतर

रबरी नळ्या त्याच वेळी बदलाव्यात. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम घालावेत. चकतीची जाडी उत्पादकाने दिलेल्या किमान मापाखाली गेली असल्यास किंवा ती फिरताना डुलत असल्यास नवे पॅड वाया जातात. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. सर्व यंत्रणेतील जुना द्रव काढून नवा भरावा व पुढे दर दोन वर्षांनी बदलावा. प्रथम मोकळ्या सपाट रस्त्यावर हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा ब्रेक लावून पॅड बसू द्यावेत. फेरफटक्यानंतर गाडी थांबवून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. समोरासमोरच्या दोन चाकांत एक फार तापलेले आढळले, तर ते चाक अडकत आहे. या परीक्षेस पैसा लागत नाही व ती घरचे कोणीही करू शकते.

खर्चाविषयी एवढेच सांगतो. आमच्या पहिल्या पावतीत पैसे सीलच्या संचाचे व रंगाचे होते. दुसऱ्या पावतीत सीलची रक्कम सर्वांत लहान होती. मोठ्या रकमा दट्ट्ये, सफाई, मुलामा, नळ्या आणि परीक्षा यांच्या होत्या. दुसरी पावती पहिलीच्या कितीतरी पट होती, आणि आमच्या खात्यात ती आजही योग्य खर्च म्हणूनच लिहिलेली आहे. ज्यांची गाडी वर्षभर झाकलेली आहे, त्यांनी येत्या लग्नसराईत ती बाहेर काढण्यापूर्वी निदान एक करावे. पुढील दोन चाके जॅकवर उचलावीत, ब्रेक दाबून सोडावा, आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते मोकळे फिरले नाही, तर त्या दिवशी नवरदेवास दुसऱ्या गाडीत बसवावे.